सेवा, मानधन आणि पात्रता : रत्नागिरीच्या परंपरेच्या निमित्ताने

धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्ता'तील (१९१५) एक प्रसंग सर्वपरिचित आहे. इयत्ता सहावीच्या सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी ते किशोरवयात मुरूडहून भर पावसात पायी साताऱ्यास गेले. परीक्षेस वयाची अट होती. मुलगा लहान दिसतो, एवढ्या कारणावरून त्यांना परत पाठविण्यात आले. हा प्रसंग चिकाटीचा धडा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखास त्यातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. परीक्षा घेणाऱ्याने ज्ञान तपासलेच नाही. त्याने जे सहज दिसत होते तेवढेच मोजले. आरोग्य, बालशिक्षण व समाजसेवा या क्षेत्रांतील कार्यकर्त्यांची व्यावसायिक पात्रता ठरविण्याचे जे प्रयत्न आज चालू आहेत, त्यांची चिकित्सा करताना हा दोष सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

या विषयात रत्नागिरी जिल्ह्याचा वारसा मोठा आहे. कर्वे या जिल्ह्याचे. हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले देवरुखच्या. त्याच देवरुखात इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून 'मातृमंदिर' उभे केले. या परंपरेत एक अंतर्विरोध आहे, आणि आदरापोटी आपण त्याकडे पाहण्याचे टाळतो. आश्रमात येणाऱ्या विधवेने शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा कर्व्यांचा आग्रह होता. परंतु तिला शिकविणाऱ्या व संस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी १९०८ साली जी संस्था स्थापन झाली, तिचे नाव 'निष्काम कर्म मठ' असे होते. म्हणजे विद्यार्थिनीने अर्थार्जनक्षम व्हावे आणि कार्यकर्त्याने मात्र अर्थाचा विचार करू नये! रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने १९०९ नंतर परिचारिका व शिक्षिका घडविण्याचा जो मार्ग चोखाळला, त्यात शिकलेली विद्या संस्थेबाहेरही चालत असे. तिच्यामागे रुग्णालयाचे व परीक्षेचे पाठबळ होते. पहिल्या मार्गाने त्यागी माणसे मिळाली. दुसऱ्या मार्गाने व्यवसाय निर्माण झाला. दोहोंची गरज होती, हे मान्य करूनही त्यांतील भेद पुसून टाकता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने सेवेचे हे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे घेतले. पण घेताना भाषा मठाची घेतली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी सेविका आली. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत गावच्या आरोग्यसेवकास तीन महिन्यांचे शिक्षण व दरमहा पन्नास रुपये मानधन ठरले. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा स्वयंसेविका' दिली. 'सेविका', 'स्वयंसेविका', 'मानधन' हे शब्द निरुपद्रवी नाहीत. जेथे वेतन नाही तेथे वेतनश्रेणी नाही. जेथे श्रेणी नाही तेथे एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचा प्रश्न नाही. आणि जेथे चढण्यास पायरीच नाही, तेथे पात्रता वाढविण्याचे प्रयोजन उरत नाही. अंगणवाडी सेविका शासकीय पदधारक नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. त्याच न्यायालयाने २०२२ साली त्यांना उपदान कायदा लागू होतो, असे ठरविले. या दोन निर्णयांमधील सोळा वर्षांत काम बदलले नव्हते; त्या कामास काय म्हणावे, हा प्रश्न मात्र हळूहळू सुटू लागला होता.

आता पात्रतेच्या नव्या योजना आल्या आहेत. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला व त्यात दहा पातळ्या कल्पिण्यात आल्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. हे स्वागतार्ह आहे. परंतु अशा आराखड्यांची मूळ रीत, ब्रिटनमध्ये १९८६ नंतर जी रूढ झाली ती, कामाचे लहान लहान घटक पाडून प्रत्येकापुढे 'येते' किंवा 'येत नाही' अशी खूण करण्याची आहे. गवंडीकामास ही रीत पुष्कळशी लागू पडते. सेवाकार्याचे तसे नाही. बालकाचे वजन करता येणे हा घटक तपासता येतो. वजन घटले आहे हे सासूसमोर सुनेचा अपमान न होता कसे सांगावे, हे कोणत्या रकान्यात बसवावयाचे?

कोकणात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष चाकरमानी होऊन मुंबईस जातात. मागे स्त्रिया, मुले व वृद्ध राहतात. वाड्या विखुरलेल्या, घरे डोंगरउतारावर दूरदूर. पावसाळ्यात वहाळ भरला की पाखाडी उतरून जाणारी सेविका हीच त्या घरास पोहोचणारी एकमेव जाणकार व्यक्ती असू शकते. कोणास थांबवून ठेवता येईल आणि कोणास तत्काळ हलविले पाहिजे, हा निर्णय तिच्या व्यवसायाचा गाभा होय. आणि घटकांच्या यादीत नेमका तोच सुटतो.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रमाणपत्राचा आग्रह धरला तर कमी शिकलेल्या पण अनुभवी स्त्रिया बाहेर फेकल्या जातील. आक्षेप खरा आहे. संस्थात्मक प्रसूतीवर भर आल्यावर गावोगावच्या सुईणींचे तेच झाले. तथापि गडचिरोलीचा अनुभव मार्ग दाखवितो. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक, थोडेच शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. यश शालेय इयत्तेचे नव्हते. मर्यादित पण नेमके काम, वारंवार उजळणी आणि प्रत्यक्ष घरी होणारी देखरेख यांचे ते यश होते. पात्रता केवळ व्यक्तीत नसते, तिच्यामागील व्यवस्थेतही असते, असा याचा अर्थ. मात्र हे कौशल्य गावाबाहेर नेण्याची सोय त्या स्त्रीस नसेल, तर विद्या तिची असूनही मालकी संस्थेची राहते.

तेव्हा सेवाक्षेत्रातील कोणत्याही पात्रतेस तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, ती सेवा घेणाऱ्याचे रक्षण करते काय? दुसरी, ती कार्यकर्तीस पुढची पायरी खुली करते काय? वीस वर्षे वाडीत काम केलेली अंगणवाडी सेविका मुलाबरोबर मुंबईस गेली, तर तिच्या अनुभवास तेथे काही मोल असावे की नाही? तिसरी, ती लिहिताना काम करणाऱ्यांस विचारले होते काय? आजच्या योजना पहिल्या कसोटीस अंशतः उतरतात, दुसरीस क्वचित, तिसरीस फारच थोड्या.

आपल्या विभागांतील संशोधनाने या तिसऱ्या कसोटीकडे वळावे, अशी विनंती आहे. सेविकांच्या एका दिवसाच्या निर्णयांची साक्षेपी नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यास करता येईल, आणि पात्रतेचा अभ्यासक्रम त्या नोंदींतून उभा राहू शकेल. निष्काम कर्माचा आदर्श ज्याने त्याने स्वतःसाठी स्वीकारावयाचा असतो. तो दुसऱ्यावर लादला, आणि तोही मानधनाच्या दराने, की आदर्श संपतो व काटकसर सुरू होते.