‘क्यूडॉस’, गौरव आणि वाखाणणी

कचेरीच्या पत्रव्यवहारातून आणि भ्रमणध्वनीवरील निरोपांतून ‘क्यूडॉस’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या मंडळ्यांच्या आभारपत्रांतही डोकावू लागला आहे. त्याला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘गौरव’ योजण्याकडे काहींचा कल दिसतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहावयाचे आहे.

शब्द मूळचा ग्रीक. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यापीठांच्या विद्यार्थिबोलीतून तो रूढ झाला. अखेरचा ‘स’ अनेकवचनाचा समजून काहींनी ‘क्यूडो’ असे एकवचनही घडविले. इंग्रजीतील ‘चेरी’ हा शब्दही अशाच गैरसमजातून जन्मला असल्याने त्यावर फार रोष धरण्याचे कारण नाही. अर्थाचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये क्यूडॉस ही माणसांनी केलेली स्तुती नव्हे. देवता ते योद्ध्यास देते व ज्यास ते लाभते तो जय पावतो. एमिल बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘क्लेओस’ या शब्दापासून त्याचा भेद स्पष्ट केला आहे. क्लेओस म्हणजे कानी येणारी कीर्ती. संस्कृत ‘श्रवस्’ हा तिचा सहोदर. नव्या करारात क्यूडॉस कोठेही आढळत नाही. क्लेओस एकदाच येतो, १ पेत्र २:२० येथे. आणि तेथेही अपराधाबद्दल मार सोसण्यात कसली कीर्ती, असा प्रश्न करण्यापुरताच.

‘प्रेज’ या नेहमीच्या इंग्रजी शब्दाचे कूळ आणखी निराळे आहे. लॅटिन ‘प्रेतियुम्’ म्हणजे किंमत. त्यातूनच ‘प्राइस’ आणि ‘प्रेज’ हे दोन्ही शब्द निघाले. म्हणजे स्तुती करणारा येथे मोल ठरवणारा असतो, आणि मोल ठरवणारा नेहमी वरच्या आसनावर बसतो. आपल्या निरोपसमारंभांतील भाषणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको.

‘गौरव’ ‘गुरु’पासून आला, गुरु म्हणजे जड. इब्री ‘काबोद’ ज्या धातूपासून निघाला त्याचाही अर्थ जड असणे हाच. ग्रीक ‘दोक्सा’ मूळचा ‘मत’ या अर्थाचा. सप्तती भाषांतरकारांनी काबोदसाठी तो योजला आणि त्या शब्दाला नवे वजन आले. मराठी भाषांतरकारांना मात्र तेच रूपक स्वभाषेत आयते मिळाले. भाषांतरात असे भाग्य क्वचितच लाभते. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ते वजन आपण दिलेले नसते. म्हणून ‘क्यूडॉस’साठी ‘शाबासकी’ पुरे. ‘गौरव’ त्यात खर्ची घालणे उधळपट्टी होय.

पण मग देवाला गौरव ‘देणे’ म्हणजे काय? जे मुळातच जड आहे त्यास वजन कोण देणार? येथे बालाघाटसारख्या सीमेवरील जिल्ह्याची भाषा उपयोगी पडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला व शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला. त्यामुळे तेथील मराठी माणसाच्या कानी हिंदी ‘तारीफ’ आणि मराठी ‘वाखाणणी’ दोन्ही पडतात. ‘तारीफ’ मूळ अरबी. तिचा अर्थ ओळख करून देणे. म्हणूनच अनोळखी पाहुण्याला हिंदीत ‘आपकी तारीफ?’ असे विचारतात. ‘वाखाणणे’ हे ‘व्याख्यान’ याचेच प्राकृतातून आलेले रूप. उलगडून सांगणे हा त्याचा आद्य अर्थ. किंमत ठरविण्याशी या दोहोंचा संबंध नाही. जे जसे आहे ते तसे सांगणे, एवढेच त्यांत अभिप्रेत होते.

पवित्र शास्त्रातील प्रयोग याच्याशी विलक्षण जुळतो. यहोशवा ७:१९ मध्ये आखानाला देवाचे गौरव करण्यास सांगितले जाते. तेथे त्याच्याकडून स्तोत्राची अपेक्षा नाही. चोरी कबूल करावी, एवढेच त्याचे तात्पर्य. योहान ९:२४ मध्ये परूशी तेच शब्द जन्मांधास ऐकवितात. पण त्यांना हवे ते उत्तर त्यांनी आधीच ठरविलेले असते. तो आपल्या बाबतीत जे घडले तेवढेच सांगतो, ते मागे घेत नाही, आणि दहा वचनांनंतर बाहेर घातला जातो.