महाविद्यालयाच्या आश्रयातील स्वातंत्र्य : ‘बेल अँड सेबॅस्टियन’ या बँडची प्रारंभीची वाटचाल

प्रस्तावना

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या समीक्षेत ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र बँडविषयी एक कथा रूढ झाली आहे. चार-पाच तरुण एकत्र येतात, कोणाच्याही आधाराविना गाणी रचतात आणि बाजारपेठेला न जुमानता स्वतःची वाट काढतात, अशी ती कथा होय. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९६ मध्ये स्थापन झालेला ‘बेल अँड सेबॅस्टियन’ हा बँड या कथेचे ठळक उदाहरण मानला जातो. प्रत्यक्षात त्याच्या जडणघडणीचा मागोवा घेतला असता वेगळेच चित्र समोर येते. बाजारपेठेपासूनचे त्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक संस्थांच्या आधारावर उभे होते. हा आधार वगळून त्याच्या प्रारंभीच्या संगीताचे मूल्यमापन अपुरे ठरते.

स्थापनेची पार्श्वभूमी

बँडचा प्रमुख गीतकार व गायक स्टुअर्ट मर्डॉक हा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दीर्घकालीन थकव्याच्या विकाराने ग्रस्त होता. शिक्षण व नोकरी यांपासून त्याला काही वर्षे दूर राहावे लागले आणि याच काळात तो गाणी रचू लागला. पुढे तो एका चर्चच्या सभागृहावरील खोलीत राहून तेथील देखभालीचे काम करीत असे. बेरोजगार संगीतकारांसाठी चालविल्या जाणाऱ्या ‘बीटबॉक्स’ या प्रशिक्षण योजनेत त्याची बासवादक स्टुअर्ट डेव्हिडशी गाठ पडली. बँडचे नाव सेसील ओब्री यांच्या, एक मुलगा व त्याचा कुत्रा यांच्यावरील फ्रेंच बालकथेवरून घेतलेले आहे.

याच सुमारास शहरातील स्टो कॉलेजमध्ये संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम सुरू होता. ‘द असोसिएट्स’ या बँडचे माजी सदस्य अ‍ॅलन रँकिन तेथे अध्यापन करीत. ‘इलेक्ट्रिक हनी’ या महाविद्यालयाच्या स्वतःच्या नाममुद्रेखाली विद्यार्थ्यांनी दरवर्षी एक ध्वनिमुद्रिका काढावयाची, तिची निर्मिती, प्रसिद्धी व विक्री स्वतः सांभाळावयाची, असा शिरस्ता होता. सामान्यतः एकाच गाण्याची ध्वनिमुद्रिका निघे. मर्डॉकजवळ मात्र गाण्यांचा मोठा साठा होता. तो पाहून विद्यार्थी व अध्यापकांनी संपूर्ण अल्बमला मान्यता दिली. ‘टायगरमिल्क’ हा अल्बम अवघ्या काही दिवसांत ध्वनिमुद्रित होऊन जून १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या केवळ १,००० प्रती काढण्यात आल्या होत्या.

येथे महाविद्यालयाची भूमिका दुहेरी दिसते. त्याने पैसा, स्टुडिओ व मनुष्यबळ पुरविले; त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलाकृतीची गरज ओळखून स्वतःचा नियम शिथिल केला. विद्यार्थ्यांना गुण मिळावेत म्हणून आखलेल्या प्रकल्पातून एक टिकाऊ कलाकृती निर्माण झाली, ती या लवचीकतेमुळे. नफ्याचे दडपण असलेल्या कंपनीने अपरिचित बँडबाबत असा निर्णय घेतलाच असता, असे म्हणता येत नाही.

आशय आणि अभिव्यक्ती

हा काळ ‘ब्रिटपॉप’च्या भरभराटीचा होता. ‘टायगरमिल्क’नंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९९६ मध्ये, ‘ओअ‍ॅसिस’ने नेबवर्थ येथे दोन दिवसांत सुमारे अडीच लाख श्रोत्यांसमोर गायन केले. या गर्जनेच्या पार्श्वभूमीवर मर्डॉकचा हलका, जवळजवळ पुटपुटणारा स्वर वेगळा उठून दिसतो. इसोबेल कॅम्पबेलचा चेलो, ट्रम्पेट, ख्रिस गेडीसची कळवाद्ये आणि स्टीव्ही जॅक्सनची गिटार हे सारे त्या स्वराला झाकून न टाकता त्याभोवती वावरतात. गाण्यांतील पात्रे शाळेत एकाकी पडलेली मुले-मुली, आजारी वा श्रद्धेबाबत साशंक माणसे अशी आहेत. बसचा प्रवास, शाळेची घंटा, चर्च अशा मोजक्या तपशिलांतून त्यांचे जग उभे राहते. अंथरुणावरून जग न्याहाळणाऱ्याची ही दृष्टी आहे. म्हणूनच तीत करुणा आहे, तसाच बोचरा विनोदही आहे.

ऑगस्ट १९९६ मध्ये ‘जीपस्टर’ या छोट्या कंपनीशी करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ हा दुसरा अल्बम आला. व्हायोलिनवादक सारा मार्टिन याच टप्प्यावर बँडमध्ये आली. मांडणीची सफाई व गीतांची एकात्मता या दृष्टींनी हा अल्बम पहिल्याहून सरस ठरतो.

मर्यादा

या वाटचालीतील विसंगतीही नोंदवणे आवश्यक आहे. प्रसिद्धीपासून दूर राहण्याच्या वृत्तीमुळे बँडभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले आणि ते वलयच प्रसिद्धीचे साधन बनले. ‘टायगरमिल्क’च्या मूळ प्रती संग्राहकांत शेकडो पौंडांना विकल्या गेल्या. विद्यार्थ्यांनी काढलेली ध्वनिमुद्रिका सामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेर गेली. १९९९ मधील पुनर्प्रकाशनानंतरच ही स्थिती बदलली. तसेच सामूहिकतेचा आभास असला, तरी पहिल्या दोन अल्बमचे लेखन मुख्यत्वे एकाच व्यक्तीचे होते. १९९८ च्या ‘द बॉय विथ द अरब स्ट्रॅप’मध्ये इतर सदस्यांची गीते आली. त्यामुळे बँड अधिक लोकशाहीवादी झाला, परंतु पूर्वीचा एकसंध सूर विरळ झाला. २००० मध्ये डेव्हिडने व २००२ मध्ये कॅम्पबेलने बँड सोडला. ‘सर्वोत्कृष्ट नवोदित’ हा ब्रिट पुरस्कार १९९९ मध्ये, म्हणजे तीन अल्बमनंतर मिळाला, हेही बोलके आहे.

समारोप

‘इलेक्ट्रिक हनी’ने पुढे ‘स्नो पॅट्रोल’ (त्या वेळचे नाव ‘पोलरबेअर’) व ‘बिफी क्लायरो’ या बँडच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. म्हणजे १९९६ चे यश हा निव्वळ योगायोग नव्हता. २०१३ मध्ये स्टो कॉलेज इतर दोन महाविद्यालयांसह ‘ग्लासगो केल्विन कॉलेज’मध्ये विलीन झाले. प्रतिभा संस्थेच्या आज्ञेने निर्माण होत नाही, हे खरे. तथापि आजारी, बेरोजगार तरुणाची प्रतिभा ऐकली जाण्यासाठी कोणीतरी जागा, साधने व विश्वास द्यावा लागतो. प्रात्यक्षिकाला केवळ गुणपत्रिकेतील रकाना मानणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयासमोर त्या १,००० प्रती आजही एक प्रश्न उभा करतात.