जुन्या मराठी शाळेची ओसरी : वास्तू आणि वर्ण

गावोगावच्या मराठी शाळांनी शंभरी, सव्वाशेवी ओलांडली आणि शताब्दी-स्मरणिकांचे पीक आले. या स्मरणिका एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. आरंभी मान्यवरांचे संदेश, मग देणगीदारांची नावे, मुख्याध्यापकांची यादी आणि त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी. या आठवणींत काळ्या दगडाच्या भिंती असतात, सागवानी तुळया असतात, रुळाच्या तुकड्याची घंटा असते, छडी मारणारे पण मायाळू गुरुजी असतात. तसले बांधकाम आता होणे नाही, असा सुस्कारा शेवटी ठरलेला.

बांधकाम भक्कम होते हे कोणीही मान्य करील. आक्षेप एवढाच की, या साऱ्या लेखनात त्या इमारतीतील एक जागा सातत्याने गाळली जाते. ती जागा म्हणजे शाळेची ओसरी. आपल्या दोन-तीन पिढ्या जेथे बसून शिकल्या ती जागा. वास्तूचे कौतुक करताना वास्तूत कोण कोठे बसत होते हा प्रश्न टाळायचा, ही पांढरपेशी स्मरणरंजनाची जुनी खोड आहे. इमारत हा इतिहासाचा कागदच असतो. तो अर्धा वाचून चालणार नाही.

१

गावच्या शाळेला स्वतःचे छप्पर मिळाले ते उशिरा. त्यापूर्वी शाळा भरे ती देवळाच्या सभामंडपात, धर्मशाळेत, चावडीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत. पंतोजींच्या काळातली ही रीत सरकारी शाळा निघाल्यावरही कित्येक वर्षे चालू राहिली. देवळात शाळा म्हणजे महारा-मांगाच्या पोराला शाळा नाही, हे कोणाला वेगळे सांगावे लागत नव्हते. जागाच ते काम परस्पर करीत होती.

मुंबई इलाख्यात १८६३-६४ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी ठेवण्यात आला. १८६९ च्या कायद्याने या वसुलीला पक्के रूप दिले. खेड्यातील सरकारी शाळा या पैशावर उभ्या राहिल्या. पैसा जमीन कसणाऱ्या रयतेचा होता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात नेमके यावरच बोट ठेवले : रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि रयतेची मुले अज्ञानात राहतात. त्याच निवेदनात ते आणखी एक गोष्ट सांगतात. महार-मांगांच्या मुलांना उच्च जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती शाळेबाहेर राहतात. सरकारने त्यांच्यासाठी काढलेल्या निराळ्या शाळा मोठ्या शहरांतच आहेत, त्या खेड्यांतही निघाव्यात, अशी त्यांची मागणी होती. प्रश्न कोठे अडतो हे जोतीरावांनी ओळखले होते. तो बसण्यापाशी अडत होता.

पुढे ज्या इमारती झाल्या त्यांचा नमुना महाराष्ट्रभर साधारण सारखा दिसतो. दगडी जोते, चढायला तीन-चार पायऱ्या, एक लांबट खोली किंवा दोन-तीन खोल्यांची रांग, भिंतीत वर घेतलेल्या गजांच्या खिडक्या, उतरते छप्पर आणि त्यावर कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले दूरवरच्या खेड्यांतही पोचली. खोल्यांच्या पुढे, लाकडी खांबांवर उभी, इमारतीच्या लांबीइतकी ओसरी. ओसरीचे प्रयोजन साधे होते : भिंतीवर पाऊस झोडपू नये, खोलीत ऊन येऊ नये, पट वाढला तर एखादा वर्ग बाहेर बसवता यावा. हवापाण्याचा विचार करून केलेली ही रचना खरोखर शहाणपणाची आहे. आजच्या स्लॅबच्या खोलीत एप्रिल महिन्यात शिकवणाऱ्या मास्तरांना विचारा, ते सांगतील.

२

मग हवेसाठी बांधलेल्या ओसरीला जात कोठून चिकटली? नकाशात ती काढलेली नव्हती. ती आली गावच्या वाड्यातून.

वाड्याची रचना आठवून पाहा. अंगण, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. आत जावे तसतसे सोवळे वाढत जाते. कोणी कोठपर्यंत यायचे हे प्रत्येक जातीला ठाऊक असते. कुळे ओसरीच्या कडेला टेकतात, सोयरे माजघरात जातात, आणि महार अंगणाच्या टोकाशी, कधी दाराबाहेर उभा राहून जोहार घालतो. घराची ही रचना हेच गावचे खरे धर्मशास्त्र होते, कारण ते वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. सरकारने शाळा बांधली आणि तिला ओसरी ठेवली, तेव्हा गावाने ती इमारत वाड्याच्या व्याकरणाने वाचली. खोली म्हणजे माजघर, मास्तरांच्या टेबलामागची भिंत म्हणजे देवघर. तेथे सरस्वतीची तसबीर लागलीच होती! अस्पृश्यांची मुले शाळेत घ्या असा दट्ट्या वरून आला, तेव्हा गावाने त्यांना ओसरीवर घेतले. हुकूमही पाळला गेला आणि विटाळही टळला.

एक गोष्ट मात्र आपण विसरता कामा नये. वाड्याच्या हिशेबाने आपली जागा अंगणात होती. शाळेच्या ओसरीवर बसणे म्हणजे एक पायरी वर चढणे होते. ती पायरी गावाने प्रेमाने दिलेली नाही. ती मिळवावी लागली.

३

कशी मिळवावी लागली ते थोडक्यात पाहू. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. इतर जातींची मुले शाळा सोडतील या भयाने सरकारने त्याला प्रवेश नाकारला. पुढे विलायतेहून कानउघाडणी झाली आणि १८५८ साली सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर झाले. १८८२ च्या हंटर कमिशनने हे तत्त्व पुन्हा उच्चारले, पण ते जपून अमलात आणावे अशी पुस्तीही जोडली. तत्त्व दरबारात राहिले आणि जपणूक तेवढी गावापर्यंत पोचली.

करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे तो आपल्याला पाणवठ्यांचा ठराव म्हणून पाठ आहे, परंतु त्यात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख आहे. तळे आणि शाळा एकाच ठरावात येतात, आणि ज्यांनी शाळेतील माठ पाहिला आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाविषयी लिहिले आहे ते हेच : बसायला घरून नेलेला गोणपाटाचा तुकडा, आणि शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान.

ठरावाने गाव बदलले नाही. अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी १९३५ साली अस्पृश्यांनी आपली मुले गावच्या सरकारी शाळेत घातली, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि बहिष्कार पडला. बाबासाहेबांनी या प्रकरणावर लिहिले आहे. दार कायद्याने उघडे होते. उंबरा ओलांडणाऱ्याची शेती, मजुरी, किराणा मात्र गावाच्या हाती होता.

४

ओसरीवरून शिक्षण होत होते ते कसे, याचा विचार आपल्या समीक्षेनेही पुरेसा केलेला नाही. ओसरीवरून ऐकू येते, दिसत नाही. खोलीतला फळा दाराच्या चौकटीएवढाच दिसतो आणि दारात कोणी उभे राहिले तर तोही नाही. म्हणून कानाने येणारी विद्या आपल्याकडे आली : पाढे, पावकी, निमकी, दिडकी, कविता. हाताने येणारी विद्या अडली. कित्ता गिरवताना मास्तरांनी मागून हात धरावा लागतो, पाटी जवळ घेऊन वेलांटी दुरुस्त करावी लागते. विटाळाच्या भयाने जेथे पाटी लांबूनच तपासली जाई, तेथे अक्षराला वळण लागणार कसे?

माझा आजा चौथीपर्यंत अशा ओसरीवर बसला. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही त्याला औटकी तोंडपाठ होती. बाजारात त्याला हिशेबात कोणी फसवले नाही. पण कागदावर सही करायची झाली की त्याचा हात थरथरे, अक्षरे एकमेकांवर चढत, आणि तो ओशाळून हसे. त्याचे मन मंद होते म्हणून असे झाले नाही. तो बसला होता तेथून फळा दिसत नव्हता. त्या शाळेच्या पायाची खडी आपल्या आईने फोडली होती, असेही तो सांगे. स्मरणिकेत देणगीदारांची पाच पाने आहेत. खडी फोडणाऱ्यांचे एकही नाही.

आपल्या आत्मकथनांवर एकसुरीपणाचा आरोप प्रस्थापित समीक्षकांनी पुन्हा पुन्हा केला. प्रत्येक पुस्तकात तीच शाळा, तेच गुरुजी, तोच माठ! मला वाटते, या पुनरुक्तीचे कारण लेखकाच्या प्रतिभेत शोधण्याऐवजी इमारतीत शोधावे. इलाखाभर एकाच नमुन्याच्या शाळा आणि गावोगाव एकाच व्याकरणाचे वाडे असतील, तर साक्षही सारखीच येणार. शंभर साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा न्यायालय त्याला पुरावा म्हणते. साहित्यात मात्र त्याला तोचतोचपणा म्हणायचे काय?

ही साक्ष महाराष्ट्रापुरतीही नाही. ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनात हेडमास्तर त्या मुलाच्या हाती झाडू देऊन सारी शाळा झाडायला लावतात. हातात झाडू असेल तर इमारत खुली, पाटी असेल तर बंद. वास्तूवरचा हक्क कशाने ठरतो ते यात उघड दिसते.

याच्या उलट बाजूची पुस्तकेही आपल्याकडे आहेत. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) आणि शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) ही शिक्षकाची नोकरी केलेल्या दलितांची लेखने आहेत. येथे दलित माणूस ओसरी ओलांडून थेट टेबलापाशी पोचला आहे. ओसरीवरच्या पोराने मास्तरांच्या खुर्चीत बसणे हा त्या इमारतीच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल होय. कोणत्या स्मरणिकेने त्याची नोंद केली?

५

स्वातंत्र्यानंतर ओसरी कायद्याने मोकळी झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुष्कळ जुन्या इमारतींवर आजही ‘जीवन शिक्षण मंदिर’ किंवा ‘विद्यामंदिर’ अशी अक्षरे दिसतात. शाळेला देवळातून बाहेर पडायला इतकी वर्षे लागली, आणि बाहेर पडल्यावर तिचे नाव काय ठेवले, तर मंदिर! शब्द निष्पाप वाटतो. ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्या कानाला तो तसा लागत नाही.

आता या इमारती जात आहेत. अभियंता येतो, खोल्या धोकादायक ठरवतो, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, सागवान लिलावात निघते. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. हे अंतर वाढले तर सर्वांत आधी कोणाच्या मुलीची शाळा सुटेल हे आपण जाणतो. ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्यांच्या नव्हे.

जुनी इमारत हटवू नका, असा माझा आग्रह नाही. पडक्या छपराखाली मुले बसवणे हा गुन्हाच आहे. प्रश्न जाणाऱ्या इमारतीबरोबर काय काय जाते हा आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतील लाकडी कपाटात दाखलखारीज रजिस्टरे असतात. त्यांत जातीचा रकाना आहे. त्याच रकान्याने आपल्या आजोबांना ओसरी दाखवली, आणि आज जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात तेव्हा नातवाला त्याच रकान्याकडे जावे लागते. रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल तर नातवाचा हक्कही तेथेच संपतो. वारशाच्या गप्पा मारणाऱ्यांना सागवानाची काळजी आहे. आपल्याला त्या कपाटाची काळजी असली पाहिजे.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांपुढे एक काम ठेवतो. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या शाळेची जुनी रजिस्टरे सुस्थितीत आहेत का ते पाहावे आणि त्यांच्या प्रती काढून ठेवण्यासाठी केंद्रप्रमुखांकडे लेखी पाठपुरावा करावा. विद्यार्थ्यांनी इमारत पडण्यापूर्वी तिचा आराखडा मापांसह काढावा : पायऱ्या किती, ओसरी किती रुंद, दार कोठे, फळा कोठे, माठ कोठे. कार्यकर्त्यांनी नव्वदीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन तेथे जावे आणि त्यांना विचारावे, तुम्ही कोठे बसत होता? ते बोट दाखवतील त्या जागेवर आराखड्यात खूण करावी, नाव लिहावे, साल लिहावे. या कामाला निधी लागत नाही. एक टेप, एक वही आणि एक रविवार पुरतो. ही माणसे मात्र आता फार दिवस असणार नाहीत. पुढची स्मरणिका निघण्याआधी हे झाले पाहिजे.