जन्मगावचा पुतळा

गेल्या वर्षी एका इंग्रजी निबंधाचे मराठी करताना मी एका साध्या वाक्यापाशी अडले. एका नेत्याचे लोकांनी आधी काय जाळले आणि पुढे काही दशकांनी त्याचेच काय उभारले, एवढेच त्या वाक्यात होते. इंग्रजीत ‘एफिजी’ जळते आणि ‘स्टॅच्यू’ उभा राहतो. हिंदीत फुंकतात तो पुतला आणि अनावरण होते ते प्रतिमेचे. बंगालीत जळणारी कुशपुत्तलिका वेगळी आणि चौकातली मूर्ती वेगळी. मराठीत मात्र मोर्चात जोडे मारून जाळतात तोही पुतळा आणि फेटा बांधून ज्याला हार घालतात तोही पुतळाच. वर्तमानपत्रे कधीकधी ‘प्रतीकात्मक पुतळा’ असे लिहून सुटका करून घेतात. पण प्रतीकात्मक नसलेला पुतळा कोणता, हे कोणी सांगत नाही.

हा मराठीचा तोटा आहे असे मला आधी वाटले. मग १५ मे २०२२ची ग्रँथमची बातमी पुन्हा वाचली आणि मत बदलले.

ग्रँथम हे इंग्लंडच्या लिंकनशायरमधले बाजाराचे गाव. मार्गारेट थॅचर तिथल्या नॉर्थ परेड रस्त्यावर, वडिलांच्या किराणा दुकानाच्या माडीवर १९२५ साली जन्मल्या. त्या रविवारी सकाळी गावातल्या सेंट पीटर्स हिल या हिरवळीवर क्रेनने त्यांचा ब्राँझचा पुतळा चौथऱ्यावर उतरवला गेला. शिल्पकार डग्लस जेनिंग्ज, खर्च तीन लाख पौंड, तोही देणग्यांतून. बँड नव्हता, भाषणे नव्हती. दोन तासांच्या आत पहिले अंडे पडले.

म्हणजे मराठीत ज्याला एकच शब्द आहे, त्या दोन्ही गोष्टी तिथे एकाच सकाळी झाल्या. पुतळा उभारला आणि पुतळ्यावर आंदोलन झाले. इंग्रजी बातम्यांना यात विसंगती दिसली. मराठी वाचकाला ती दिसायचे कारण नाही.

या पुतळ्याबद्दल जे लिहिले गेले त्यातले बहुतेक दोन वाटांनी जाते. ‘आवडोत न आवडोत, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होत्या, गावाने नोंद घ्यायला हवी’ ही एक वाट. ‘ज्यांनी खाणी बंद पाडल्या त्यांना चौथरा कशाला’ ही दुसरी. दोन्हींना पुतळा म्हणजे एक गुणपत्रिका वाटते, फक्त गुण वेगवेगळे. पुतळ्याकडे बघत मात्र कोणीच नाही. त्याने काय घातले आहे, किती उंचावर आहे, तो कोणाच्या शेजारी उभा आहे, हे प्रश्न कलासमीक्षेचे म्हणून सोडून दिले जातात. माझ्या मते खरे राजकारण तिथेच आहे.

आधी उंची. पुतळा साडेदहा फुटांचा आणि खालचा ग्रॅनाइटचा चौथरा सुमारे दहा फुटांचा. एवढा उंच चौथरा थोरवी दाखवायला नाही, मोडतोड टाळायला ठेवला, हे नियोजनाच्या वेळीच उघड सांगितले गेले. त्याला कारण होते. लंडनच्या गिल्डहॉल कलादालनात ठेवलेल्या त्यांच्या संगमरवरी पुतळ्याचे शिर २००२ साली एका माणसाने उडवले होते. त्याने आधी क्रिकेटची बॅट वापरून पाहिली. बॅटने काम झाले नाही, तेव्हा दोरी अडकवायचा धातूचा खांब घेतला. (क्रिकेटवेड्या देशाच्या वाचकांना हा तपशील आवडेल.) शतकानुशतके चौथऱ्याची उंची म्हणजे मान असा अर्थ होता. ग्रँथममध्ये तोच चौथरा पोलीस बंदोबस्ताचे काम करतो. तमिळनाडूत आंबेडकरांच्या कितीतरी पुतळ्यांभोवती लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, ते पाहताना जे वाटते त्याच्याशी याचे नाते आहे. बाजू मात्र उलट आहे. तिथे पिंजरा दुबळ्यांच्या नेत्याला गावातल्या सबळांपासून राखतो. इथे सत्ता भोगून गेलेल्या नेत्याला रस्त्यावरच्या माणसापासून राखायचे आहे, आणि त्या माणसाच्या हातात अंडे आहे.

मग कपडे. थॅचरबाईंची सगळ्या जगाला ठाऊक असलेली खूण म्हणजे हातातली पर्स. या पुतळ्यात ती नाही. अंगावर हाउस ऑफ लॉर्ड्सचा पायघोळ समारंभी झगा आहे. कारण पुतळा मुळात ग्रँथमसाठी घडवलेलाच नव्हता. तो लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरसाठी होता. वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने २०१८ साली परवानगी नाकारली, तेव्हा तो जन्मगावाच्या वाट्याला आला.

अनुवादक म्हणून मला हे फार ओळखीचे वाटते. एका वाचकासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच वाचकाच्या हाती पडतो आणि त्याच्या स्वराची पट्टी चुकते. संसदेसमोर तो झगा बरोबर बोलला असता. तिथे आजूबाजूला त्याच दर्जाची माणसे उभी आहेत. संसदेच्या आत, सभासदांच्या लॉबीत, २००७ सालापासून त्यांचा ब्राँझचा पुतळा आहेच. स्वतः हयात असताना, अनावरणाला हजर राहून त्यांनी तो पाहिला. लोखंडाचा अधिक आवडला असता, पण ब्राँझही चालेल, असा विनोदही केला. तिथला पुतळा विरोधकांत उभा आहे, आणि वाद घालणे हेच त्या इमारतीचे काम आहे. जन्मगावच्या हिरवळीवर हा झगा परका दिसतो. तिथल्या कोणी त्यांना तशा वेषात रोज पाहिले नव्हते. मुळात अठराव्या वर्षी, १९४३ साली, ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकायला गेल्यावर त्या गावात राहायला अशा परतल्याच नाहीत. १९९२ साली उमरावपद घेताना किताबात ‘केस्टिव्हन’ हे आपल्या भागाचे नाव मात्र घेतले.

इथवर माझे मत ठाम होते. चुकीच्या पत्त्यावर पोचलेला पुतळा, असे मी टिपणात लिहूनही ठेवले होते.

मग त्यांच्या वडिलांविषयी वाचले. आल्फ्रेड रॉबर्ट्स दुकानदार, मेथडिस्ट प्रवचनकार आणि ग्रँथम नगरपालिकेतले वजनदार गृहस्थ. १९४५-४६ मध्ये ते महापौर होते आणि १९४३ पासून आल्डरमन, म्हणजे सभासदांनीच निवडलेले ज्येष्ठ सभासद. मजूर पक्षाचे बहुमत आल्यावर १९५२ साली त्यांना त्या पदावरून काढले गेले. त्या बैठकीत रॉबर्ट्सनी अंगावरचा झगा उतरवला. नऊ वर्षांपूर्वी तो मानाने अंगावर घेतला होता, मानानेच खाली ठेवतो, अशा अर्थाचे ते बोलले. ही हकिगत थॅचरबाईंनी १९८५ साली, पंतप्रधान असताना, दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितली. सांगता सांगता कॅमेऱ्यासमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. खाणकामगारांचा वर्षभराचा संप त्याच वर्षी मार्चमध्ये मोडला होता. त्यात किती घरे उघडी पडली याबद्दल बोलताना त्या अशा कुठे हलल्याचे मला तरी आढळले नाही.

त्या नगरपालिकेचे घर म्हणजे ग्रँथमचा गिल्डहॉल. तो सेंट पीटर्स हिलवरच आहे. ज्या गावाने बापाच्या अंगावरचा झगा उतरवायला लावला, त्याच गावात लेक झगा घालून उभी आहे. एकदा हे कळले की पुतळा वेगळाच बोलू लागतो. शिल्पकाराच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही. पुतळा तर लंडनसाठी होता. पण मजकूर दुसऱ्या भाषेत गेल्यावर मुळात नसलेला अर्थ त्याला कधी कधी आपोआप चिकटतो, आणि तो खोटा असतोच असे नाही. आता या पुतळ्यात मला पहिली महिला पंतप्रधान दिसत नाही. दिसते ती गावाशी हिशेब चुकता करणारी किराणा दुकानदाराची मुलगी.

आणि म्हणूनच तो मला आवडत नाही. हिशेब एकतर्फी आहे. वडिलांचा अपमान पुतळ्यात भरून निघाला. शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमधले बरेचसे खाणकामगार त्या संपात उतरले नव्हते, सरकारच्या भरवशावर कामावर जात राहिले होते, आणि त्यांच्याही खाणी पुढे बंदच झाल्या. त्यांचा हिशेब या हिरवळीवर कुठे मांडायचा? आपल्या सिंहासनबत्तिशीतल्या पुतळ्या भोजराजाला सिंहासनावर बसूच देत नाहीत. पाय उचलला की एकेक पुतळी अडवते, विक्रमाची एक गोष्ट सांगते, आणि एवढे औदार्य तुझ्यात असेल तर बस म्हणते. बत्तीस वेळा. ग्रँथमच्या चौथऱ्यावर असे अडवणारे कोणी घडवलेले नाही. ते काम अंड्यांवर सोपवले आहे.

जन्मगाव या शब्दात एक सूट दडलेली असते. पिकते तिथे विकत नाही असे आपण म्हणतो खरे, पण राजकारणातल्या माणसांच्या बाबतीत उलटही होते. जे कुठेच विकत नाही ते जिथे पिकले तिथे खपते. जॉर्जियातले गोरी हे याचे टोकाचे उदाहरण. तिथल्या चांभाराचा मुलगा इओसेब जुघाश्विली पुढे स्टालिन झाला. गोरीच्या नगरपालिकेसमोरचा त्याचा सहा मीटरचा पुतळा १९५२ सालचा. सोव्हिएत संघात बाकी सगळीकडचे त्याचे पुतळे उतरले तेव्हाही हा राहिला. २५ जून २०१०च्या रात्री, आधी काही न सांगता, सरकारने तो काढून नेला. १९५७ सालचे संग्रहालय मात्र आहे. ज्या घरात तो जन्मला ते खांबांच्या मंडपाखाली जपलेले आहे, त्याचा रेल्वेचा डबा आहे, मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा आहे. एक पुतळा रात्री गुपचूप उतरवला, एक रविवारी सकाळी गुपचूप चढवला. स्टालिन आणि थॅचर यांची तुलना मी करत नाही. ती करणाऱ्यांना मृतांची संख्या ठाऊक नसावी. तुलना दोन कारभारांच्या संकोचाची आहे.

साहित्याच्या वाचकाला गोरी आणखी एका कारणाने टोचते. हा मुलगा कवी होता. १८९५ साली इलिया चावचावाद्झे यांच्या ‘इवेरिया’ पत्रात त्याच्या जॉर्जियन कविता छापून आल्या. आणि १९३७ साली याच माणसाच्या राजवटीत तित्सियान ताबिद्झेंना गोळी घातली गेली. त्यांचे मित्र पाओलो याश्विली यांनी लेखक संघाच्या इमारतीतच स्वतःवर बंदूक चालवली. ‘आमचा पोरगा’ असे गोरीने म्हणावे, पण ताबिद्झेही त्याच भाषेचे पोर होते. पुतळ्याला जन्मगाव असते. त्याने मारलेल्या माणसांनाही जन्मगावे असतात, आणि तिथल्या चौकांत सहा मीटरचे काही उभे राहत नाही.

मी राहते त्या हैदराबादेत हुसेनसागरच्या बांधावर पुतळ्यांची रांग आहे. तेलंगण आंदोलनात, १० मार्च २०११ रोजी, त्यातले बरेच फोडून तलावात टाकले गेले. त्यात कवीही होते. कवितेवर कोणाचा राग नव्हता. हे सगळे आंध्रचे, आमच्याकडचे किती, असा प्रश्न होता. पुढे ते पुन्हा बसवले. त्या बांधावरून जाताना मी अजून प्रत्येकाच्या नावाची पाटी वाचते आणि मनात आधी येते ते हेच, की हा कुठला.

ते अडलेले वाक्य मी शेवटी दोन्ही ठिकाणी ‘पुतळा’ ठेवून लिहिले. संपादकांनी दुसऱ्यावर गोल करून समासात ‘स्मारक?’ असे लिहून पाठवले होते. मी तो गोल खोडला.