किलोभर डाळ आणि मागेल त्याला काम

आज आपण अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. पुस्तक २०११ चं. २०१९ साली या दोघांना, मायकेल क्रेमर यांच्यासोबत, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गरिबी हटवण्याबद्दल जगभर आज ज्या भाषेत बोललं जातं, ती बरीचशी या मंडळींनी घडवलेली आहे. म्हणून ती जरा तपासून घेऊ.

त्याआधी वाद कसा चालायचा? जेफ्री सॅक्स म्हणायचे, श्रीमंत देशांनी मदत वाढवावी, गरीब देश सापळ्यातून बाहेर येतील. विल्यम ईस्टरली म्हणायचे, बाहेरच्या मदतीनं भलं कमी आणि नुकसानच जास्त होतं. बॅनर्जी-डुफ्लो म्हणाले, हा मोठा वाद बाजूला ठेवा, छोटे प्रश्न विचारा. काही गावं चिठ्ठ्या टाकावीत तशी निवडा, तिथे उपाय करा, बाकीच्या गावांशी तुलना करा. काय चालतं ते कळेल.

आणि कळतं, हे मान्य करायला हवं. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत लसीकरणाचा प्रयोग झाला. जिथे काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. जिथे शिबिरं न चुकता भरली तिथे १८ टक्के. आणि जिथे प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटं दिली, तिथे ३९ टक्के. ‘लोक अडाणी आहेत’ म्हणणाऱ्यांना हे चांगलं उत्तर आहे.

पण त्याच जिल्ह्यातला दुसरा प्रयोग बघा. सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सबाई कामावर नसायच्या. म्हणून हजेरीसाठी वेळ छापणारी यंत्रं बसवली, गैरहजेरीला पगार कापायचं ठरलं. सुरुवातीला हजेरी झपाट्यानं सुधारली. मग आरोग्य प्रशासनानंच ‘सवलतीचे दिवस’ मंजूर करायला सुरुवात केली, ते वाढत गेले, आणि दीड वर्षात योजना निकामी झाली. उपाय लागू पडत होता. तो राबवणाऱ्यांनीच आतून पोखरला.

लेखक हे लपवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण ते कारण काय देतात? विचारसरणीचा हट्ट, अज्ञान आणि जडत्व. नर्सवर न झेपणारी कामं लादली होती, नियम कुणी नीट विचार करून आखलेच नव्हते, वगैरे. आमचा आक्षेप इथे आहे. या तिन्हींत सत्तेचं नाव नाही. नर्स आली नाही तर तिला जाब कोण विचारणार? तपासणाऱ्या संशोधकाला तो अधिकार आहे का? गावातल्या बाईला आहे का?

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण या प्रश्नाचं एक उत्तर इथे घडलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात कामं उघडा म्हणून मोर्चे निघाले, घेराव झाले. ऐन भरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, सुकडी, मिलो हे शब्द घराघरांत गेले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी आकाराला आली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलला. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागेही हाच अनुभव होता.

रोहयो काही आदर्श नव्हती. खोटी मस्टरं भरली गेली, मजुरी रखडली, काम मागूनही मिळालं नाही. पण फरक लक्षात घ्या. मजुरी रखडली तर मजूर तहसीलवर मोर्चा नेऊ शकत होते, आणि नेत होते, कारण काम हा त्यांचा कायदेशीर हक्क होता. डाळ मिळाली नाही म्हणून कुणाच्या दारात जायचं?

यावर लेखकांच्या बाजूनं एक चांगला मुद्दा येईल. उदयपूरच्या लोकांनी नर्सची मागणीच केली नाही, ते केव्हाच खासगी डॉक्टरकडे किंवा भोप्याकडे वळले होते. खरं आहे. पण मागणी आपोआप उगवत नाही. मागितलं तर मिळू शकतं असा अनुभव लागतो, सोबत संघटना लागते, हातात कायदा लागतो. ७२ साली मजुरांनी काम मागितलं, ते कुणी नमुना निवडून त्यांच्यावर प्रयोग केला म्हणून नव्हे.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच : कुठली लस, किती डाळ, हे प्रयोगानं जरूर ठरवा. त्यात पैसा वाचतो, मुलं वाचतात. पण प्रयोग संपून संशोधक परत गेल्यावर तो उपाय कोण टिकवणार, हे मोजमापातून निघत नाही. ते राजकारणात ठरतं, आणि या पुस्तकानं राजकारणाला शेवटचं प्रकरण दिलं आहे. आमच्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.