'म्हणे' : आईचे रूप आणि मुलाची दृष्टी

मराठी समीक्षेत 'मातृप्रतिमा' ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिच्यातील 'प्रतिमा' या शब्दाने आईचा प्रत्यक्ष देह झाकून टाकला आहे, याचे भानही आपल्याला उरलेले नाही. आई वात्सल्याचे, त्यागाचे, भूमीचे प्रतीक होते. ती काळी होती की सावळी, तिच्या गालावर देवीचे वण होते का, हे प्रश्न अप्रस्तुत ठरतात. लहान मुलाच्या लेखी मात्र हेच प्रथम असते. तो चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो आणि त्यावरचा तीळन् तीळ त्याला पाठ असतो. हे पाहणे सौंदर्याचे पाहणे असते काय?

डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी 1967 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लाकाँच्या आरसा-अवस्थेचे ऋण मान्य करून तो आरसा आईच्या चेहऱ्यात हलवला. आईच्या चेहऱ्याकडे पाहताना मूल सामान्यतः स्वतःलाच पाहते, कारण ती त्याच्याकडे पाहत असते आणि तिला जे दिसते तेच तिच्या मुद्रेवर उमटते. आई आपल्याच मनःस्थितीत अडकली की हा आरसा बंद पडतो. मग चेहरा ही केवळ पाहण्याची वस्तू उरते. या मांडणीचा तर्क पुढे नेला तर आईचे 'रूप' मुलाला वेगळे दिसू लागणे हेच मुळी एका तुटीचे लक्षण ठरेल. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो, आणि तो अपुरा का वाटतो हे दाखवण्यासाठी मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीच्या 1913 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडातील एका उपवाक्याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

'काँब्रे' या भागाच्या अखेरीस निवेदक सांगतो की, रात्रीचा निरोप घ्यायला आपल्या आईहून सुंदर वा बुद्धिमान अशी दुसरी आई यावी, असे त्याला कधीच वाटले नसते. त्याला हवा असे तो तिचाच चेहरा; त्या चेहऱ्यावर डोळ्याखाली काहीतरी होते, ते म्हणे व्यंग होते, आणि बाकीच्या चेहऱ्याइतकेच तेही त्याला प्रिय होते. मूळ फ्रेंचमधील ऐकीवपणा दर्शवणाऱ्या शब्दप्रयोगाला आपल्या 'म्हणे'इतका नेमका पर्याय क्वचितच मिळेल. 'म्हणणे' या क्रियापदापासून निघून निपातासारखा वावरणारा हा शब्द विधानाची जबाबदारी बोलणाऱ्यावरून काढून अनाम लोकांवर टाकतो. येथे मुलाची दृष्टी आंधळी नाही. आरशात स्वतःलाच पाहणाऱ्याला डोळ्याखालची खूण दिसली नसती. या मुलाला ती दिसते, तिची नेमकी जागाही ठाऊक आहे. त्याच्यापाशी नाही तो फक्त 'व्यंग' हा शब्द. तो बाहेरून आला आहे, आणि निवेदकाने तो उसना म्हणूनच नोंदवला आहे. विनिकॉटने मांडलेल्या दोन शक्यतांपलीकडची ही तिसरी शक्यता होय : तपशील आहे, मूल्यनिर्णय नाही.

मग 'म्हणे' कोण म्हणते? प्रूस्त हे सांगत नाही. येथे एक खासगी आठवण नोंदवते, समीक्षेच्या शिस्तीत ती बसत नसली तरी. माझी मुलगी चार वर्षांची असताना माझ्या पोटावर बाळंतपणाने ठेवलेल्या रेषा बोटाने मोजत असे. एकदा तिच्यादेखत आरशासमोर उभी राहून मी स्वतःशीच म्हणाले, 'किती बेढब दिसतंय!' तिने विचारले, 'आई, बेढब म्हणजे काय गं?' शब्द बाहेरून आला होता हे खरे. परंतु तिच्यापर्यंत तो मीच पोहोचवला होता.

टोनी मॉरिसनच्या 'द ब्लूएस्ट आय' (1970) या कादंबरीत हे पोहोचवणेच कथावस्तूच्या केंद्राशी आहे. गरोदर पॉलिन चित्रपटगृहात बसली आहे. केस जीन हार्लोसारखे वळवले आहेत. मिठाई चावताना पुढचा दात निघतो. त्या क्षणापासून ती आपल्या कुरूपतेचा स्वीकारच करून टाकते. पुढे जन्मलेल्या पेकोलाकडे ती त्याच पडद्यावरून उसन्या घेतलेल्या मापाने पाहते. ही मुलगी आईला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते, तर पॉलिन जिथे कामाला आहे त्या गोऱ्या घरातील छोटी मुलगी तिला सरळ 'पॉली' म्हणून हाक मारते. त्या स्वयंपाकघरात पेकोलाच्या हातून फळांचा गोड पदार्थ सांडतो तेव्हा मार पेकोलाला मिळतो आणि सांत्वन त्या छोटीला. एकाच चेहऱ्याचे हे दोन आरसे एकाच प्रसंगात दिसतात. विनिकॉटला आईची मनःस्थिती दिसली. त्या मनःस्थितीला वर्ण आणि बाजार असतो, हे मॉरिसनने दाखवले. 'म्हणे' येथे गळून पडले आहे. 'कुरूप' हा शब्द आईला आता स्वतःचाच वाटतो, आणि निळ्या डोळ्यांची पेकोलाची मागणी तिथूनच सुरू होते.

मराठीत अशी दृष्टी नाही असे नव्हे. आपण ती वाचत नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (2003) बांबूच्या वस्तू विणणारी आई आहे, आणि तिच्या विणण्याशी आपल्या लेखनाचे नाते लेखिकेनेच सांगितले आहे. आपण ते रूपक म्हणून उचलले आणि वर्गात शिकवलेही, मीही शिकवले. मात्र ते रूपक होण्यापूर्वी एक मुलगी विणणाऱ्या हातांकडे जवळून पाहत होती. ते हात देखणे होते की नव्हते, हा प्रश्न तिला कोणी शिकवला असेल तर केव्हा आणि कोणी, हे शोधत ते आत्मकथन पुन्हा वाचायला हवे.