चोरबीटी : एका शब्दाची झडती

मृगाच्या तोंडावर आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या बातम्यांत दोन शब्द हमखास उगवतात : 'बोगस बियाणे' आणि 'चोरबीटी'. पाकिटे जप्त होतात आणि बातमी लिहिणारा दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरून मोकळा होतो. मला हा नुसता निष्काळजीपणा वाटत नाही. न उगवणारी सरकी रंगवून विकणे ही फसवणूक. तिच्यासाठी १९६६ चा बियाणे कायदा आहे. मान्यता नसलेले जनुक शेतात आणणे हा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग. आणि दुसऱ्याचा पेटंट घेतलेला शोध परवानगीवाचून वापरणे हा पेटंटचा भंग. तो दिवाणी दावा, तिथे पोलिसांचे कामच नाही. 'चोर' म्हटले की तिन्ही एकाच पोत्यात जातात.

मग चोरी नेमकी कशाची? २००१ साली गुजरातेत बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा 'नवभारत १५१' हे वाण तगले. त्यात बीटी जनुक निघाले आणि उभे पीक जाळण्याचा आदेश सुटला. गंमत अशी, की मोन्सॅन्टोच्या त्या पहिल्या जनुकावर भारतात पेटंटच नव्हते. चुकली होती ती मान्यता. ती मार्च २००२ मध्ये आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीशी जोडलेल्या वाणांना मिळाली. पेटंटाशिवाय कंपनीचा धंदा सुरक्षित राहिला तो संकरामुळे. संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून शेतकरी दरसाल दुकानाची पायरी चढतोच. कायद्याच्या आधी कुलूप झाडातच बसवलेले होते. चोरीची ओरड करणाऱ्यांच्या लिखाणात ह्या कुलपाचा उल्लेख फारसा दिसत नाही.

बाहेरचा दबाव मात्र खरा आहे. १९९५ च्या ट्रिप्स करारातले कलम २७.३(ब) सांगते : वनस्पतींना पेटंट नाकारा हवे तर, पण वाणांना कसले तरी संरक्षण द्या. त्यावर भारताने २००१ साली पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचा हक्क दिला. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. परक्या दडपणाखाली लिहिलेला इतका ताठ कण्याचा मजकूर आपल्या कायद्यांत विरळाच. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय 'स्पेशल ३०१' अहवालात वर्षानुवर्षे भारताला 'प्रायॉरिटी वॉच लिस्ट'वर ठेवत आले, तरी हे कलम जागचे हलले नाही.

पण अंमलबजावणीत हा ताठपणा टिकला असे म्हणवत नाही. २०१६ मध्ये केंद्राने बीटीच्या पाकिटामागचे तंत्रज्ञान शुल्क १६३ रुपयांवरून ४९ वर आणले; २०२० पर्यंत ते शून्य झाले. दुसऱ्या पिढीच्या बीटीचे पेटंट दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा जिवंत करून खटला खाली पाठवला, आणि २०२१ मध्ये मोन्सॅन्टो व नुझिवीडू यांनी आपसात मिटवून टाकले. पेटंट कायद्याचे कलम ३(जे) बियाण्यातल्या जनुकाला लागू होते की नाही, याचे उत्तर राहूनच गेले. कंपन्यांना ते नको होते. सरकारलाही नको असावे, असा माझा कयास.

ह्या अधांतरातच तणनाशक सहन करणारी एचटीबीटी गावोगाव पोचली. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे ती उघडपणे पेरली आणि गुन्हे दाखल झाले. निंदणाची मजुरी ज्याला परवडत नाही, त्याला हे बियाणे का हवे हे समजते. 'तंत्रज्ञान स्वातंत्र्य' ही संघटनेची मागणीही मला रास्त वाटते. अडते ते पुढे. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात २०१२ साली ठरवले. त्या आधारावर नुकसानभरपाई मागता येते. चोरबीटीचे पाकीट पावतीविना येते. त्यावर कंपनीचे नाव खरे नसते, लॉट नंबर खरा नसतो. सरकी उगवलीच नाही, तर मंचापुढे ठेवायला शेतकऱ्याच्या हाती रिकामे पाकीट तेवढे उरते, आणि तेही दाखवले तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार : हे आणले कुठून?